कंबरेला सुया लावून करंट घ्यावा का?

वाचकाचे पत्र

माझे वय ५२ असून मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. गेली तीन वर्षे कंबर दुखते. उभे राहून शिकवताना दुसऱ्या तासापर्यंत कंबर धरते आणि बसून उठताना पहिली दोन-चार पावले वाकूनच टाकावी लागतात. दुखणे पायात उतरत नाही. एमआरआयमध्ये एल-४ एल-५ ची (चौथ्या आणि पाचव्या कंबरमणक्यांमधली) गादी थोडी सरकल्याचे आणि मणक्यांची झीज झाल्याचे आले आहे. हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची गरज नाही असे सांगितले. फिजिओथेरपीत करंटचा शेक घेतला, पण तेवढ्यापुरतेच बरे वाटले. कंबरपट्टा लावते, आणि फारच दुखले की मेडिकलमधून गोळी आणून घेते. आठ वर्षांपासून मधुमेह आहे, मेटफॉर्मिन सुरू आहे, आणि अलीकडे तळपाय थोडे बधिर वाटतात. माझ्या नणंदेला इलेक्ट्रोॲक्युपंक्चरने, म्हणजे टोचलेल्या सुयांतून करंट देण्याच्या उपचाराने, चांगला फरक पडला, म्हणून एका ठिकाणी चौकशी केली. वीस बैठकांत गादी आत जाईल, गोळ्या सगळ्या बंद होतील, आणि पैसे एकरकमी भरल्यास सवलत मिळेल, असे ते म्हणतात. मुलगा म्हणतो, हा सगळा मनाचा खेळ आहे. ७८ वर्षांच्या सासूबाईंनाही बरोबर न्यावे असा विचार आहे. दोन महिन्यांपूर्वी त्या न्हाणीघरात घसरून खाली बसल्या, तेव्हापासून त्यांची कंबर दुखते. त्यांना पेसमेकर आहे आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे. आम्ही काय करावे?

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा मुख्य प्रश्न तुमच्या स्वतःच्या कंबरेचा असला, तरी उत्तराला सुरुवात सासूबाईंपासून करते, कारण त्यांची बाब थांबण्यासारखी नाही. ७८ वर्षांची स्त्री घसरून नुसती खाली बसली आणि त्या दिवसापासून तिची कंबर दुखू लागली, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत मणका दबला असण्याची शक्यता गृहीत धरावी लागते. हाडे ठिसूळ झाल्यावर मणक्याचे हाड मोडायला मोठा अपघात लागत नाही. तेवढ्या आपटीनेही ते चपटे होते, आणि बाई चालती-फिरती असल्यामुळे घरातल्या कोणालाही हाड मोडल्याची शंका येत नाही. अंथरुणात कूस बदलताना किंवा आडवे असताना उठून बसताना त्या कळवळत असतील आणि स्थिर पडून राहिल्यावर त्यांना बरे वाटत असेल, तर ही शंका आणखी बळावते. याच आठवड्यात त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे नेऊन कंबरेचा आणि पाठीच्या खालच्या भागाचा, कुशीवरून घेतलेला एक्स-रे काढून घ्या. मणका दबलेला निघाला, तर त्या हाडावर उपचार होतीलच, शिवाय पुढचे हाड मोडू नये म्हणून ठिसूळपणाचे औषधही सुरू करावे लागेल. ते काम सुईचे नव्हे.

दुसरी गोष्ट पेसमेकरची. हे यंत्र हृदयाकडून येणारे अत्यंत क्षीण विद्युतसंकेत सतत टिपत असते आणि हृदयाचा ठोका स्वतःहून पडला नाही, तरच आपला ठोका देते. बाहेरून अंगात सोडलेले विजेचे स्पंद त्याने हृदयाचेच ठोके समजून घेतले, तर ते आपला ठोका राखून ठेवू शकते, आणि ज्यांचे हृदय त्या यंत्रावरच विसंबून आहे अशा माणसाला चक्कर येऊन तो कोसळू शकतो. म्हणून पेसमेकर असलेल्या व्यक्तीला इलेक्ट्रोॲक्युपंक्चर देऊ नये. विजेशिवाय साध्या सुया लावण्याचा विषय पुढे कधी निघालाच, तर रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यामुळे तोही हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पुढे नेऊ नये. ज्या ठिकाणी तुम्ही चौकशी केली, तिथे पेसमेकरचा प्रश्न त्यांनी आपणहून विचारला होता का, हे आठवून पाहा. विचारला नसेल, तर त्या जागेविषयी तेवढी माहिती पुरेशी आहे.

आता तुमच्याकडे येते. तीन वर्षांचे दुखणे, पायात न उतरणारी वेदना, उभे राहिल्यावर धरणारी आणि हालचाल सुरू झाली की थोडी मोकळी होणारी कंबर, असे वर्णन करणाऱ्या बहुसंख्य रुग्णांत दुखण्याचे बोट दाखवावे असे एकच कारण सापडत नाही. ताप, आपोआप घटणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, पूर्वी झालेला कर्करोग किंवा क्षयरोग यांपैकी काही असते, तर मी सुयांची चर्चाच थांबवली असती. आपल्या देशात मणक्याचा क्षय दुर्मीळ नाही आणि तो आधी कंबरदुखीच्याच रूपाने येतो. तसेच पुढे कधी लघवी तुंबली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे, हेही लक्षात ठेवा.

एमआरआयच्या कागदाने तुम्ही घाबरल्या आहात असे पत्रावरून वाटते. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात पन्नाशीतल्या सुमारे ८० टक्के लोकांत गादीची झीज दिसली आणि ६० टक्क्यांत गादी बाहेर फुगलेली दिसली. म्हणजे तुमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत बसलेल्या तुमच्या वयाच्या सहकाऱ्यांचे एमआरआय काढले, तर ज्यांची कंबर ठणठणीत आहे त्यांच्याही कागदावर बहुधा हीच वाक्ये असतील. तेव्हा "गादी आत जाईल" हे आश्वासन दोन्ही बाजूंनी पोकळ आहे. दुखणे त्या गादीमुळेच आहे हे ठरलेले नाही, आणि सुई किंवा तिच्यातून जाणारा करंट गादीला ढकलून आत बसवू शकत नाही. सुई गादीपर्यंत जात नाही आणि जाऊही नये. खरोखर बाहेर आलेला गादीचा तुकडा अनेकदा शरीर स्वतःच काही महिन्यांत शोषून घेते. त्याचे श्रेय त्या काळात जो उपचार चालू असेल त्याला मिळते.

मग बैठकीत नेमके काय होते? तुम्हाला पोटाखाली उशी घेऊन पालथे झोपवतात. उपचारक अंगठ्याने कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू चाचपतो आणि मधल्या रेषेपासून साधारण दोन बोटे बाहेर, दुसऱ्या आणि चौथ्या कंबरमणक्याच्या पातळीवर सुया लावतो. आपल्याकडचे उपचारक या बिंदूंना यूबी-२३ आणि यूबी-२५ म्हणतात. बहुतेक वेळा गुडघ्यामागच्या घडीच्या मध्यावर यूबी-४० आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूला यूबी-६० हे बिंदूही घेतले जातात. सुई पाव मिलिमीटर जाडीची, भरीव आणि टोकाला गुळगुळीत असते. इंजेक्शनच्या सुईप्रमाणे ती पोकळ नसते, म्हणून टोचण्याची वेदना किरकोळ असते. सुई स्नायूत शिरली की त्या जागी जडपणा येतो, मंद ठणका किंवा पसरणारी मुंगी जाणवते. नंतर सुयांच्या दांड्यांना जोडीजोडीने लहान चिमटे लावतात. ते तारांनी एका छोट्या यंत्राला जोडलेले असतात आणि यंत्रावरचे बटण शून्यापासून अगदी हळू फिरवले जाते. सेकंदाला दोन स्पंद या मंद गतीवर ठेवले, तर कंबरेचा स्नायू त्याच तालात उडताना बाजूला उभ्या असलेल्या माणसालाही दिसतो. सेकंदाला शंभर स्पंद ठेवले, तर वेगळे ठोके जाणवत नाहीत, एकसंध झिणझिण्या येतात. काही यंत्रे या दोन गती आळीपाळीने देतात. वीस ते तीस मिनिटांनी बटण पुन्हा शून्यावर आणून मगच चिमटे काढायचे असतात. करंट ठळकपणे जाणवला पाहिजे, पण दुखता कामा नये. "सोसा, जास्त सोसले की जास्त फायदा" असे कोणी म्हणाले, तर ते साफ चुकीचे आहे.

ही पद्धत हजारो वर्षांची आहे असेही तुम्हाला सांगितले गेले असेल. सुया जुन्या आहेत. करंट जुना नाही. चीनमध्ये १९५८ पासून शस्त्रक्रियेच्या वेळी वेदना कमी करण्यासाठी सुया वापरण्याचे प्रयोग सुरू झाले. त्यात तासन्‌तास हाताने सुई फिरवत बसावे लागे, आणि ते काम यंत्राकडे सोपवणे ओघाने आले. आपल्याकडे ॲक्युपंक्चर आले ते बंगालमार्गे, आणि त्या कथेत एक धागा सोलापूरचा आहे. १९३८ मध्ये डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकात कलकत्त्याचे डॉ. बिजय कुमार बसू होते. कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्येच वारले. बसू परत आले, १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कलकत्त्यात सुरू केली.

यामागच्या क्रियेविषयी थोडेच लिहिते. पारंपरिक स्पष्टीकरण शरीरात वाहणाऱ्या प्राणशक्तीचे आणि तिच्या वाहिन्यांचे आहे. त्या वाहिन्या शरीररचनाशास्त्राला सापडलेल्या नाहीत आणि मी तो आधार घेणार नाही. आधुनिक स्पष्टीकरणे दोन आहेत. पहिले १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी मांडले: स्पर्श आणि कंपन वाहून नेणाऱ्या जाड नसा उत्तेजित झाल्या, तर मज्जारज्जूत वेदनेच्या संकेतांची वाट अंशतः रोखली जाते. कोपर आपटल्यावर आपण ते चोळतो, ते याचमुळे. दुसरे स्पष्टीकरण शरीराच्या स्वतःच्या वेदनाशामक द्रव्यांचे आहे. अफूवर्गीय औषधांचा परिणाम पुसणारे नॅलोक्सोन दिले, की सुयांनी मिळालेला वेदनेचा उतार कमी होतो, असे १९७० च्या दशकातील प्रयोगांत आढळले. पेकिंग विद्यापीठातील हान जिशंग यांनी पुढे उंदरांवरील दीर्घ अभ्यासातून दाखवले, की मंद गतीच्या करंटने एन्डॉर्फिन आणि एन्केफालिन ही द्रव्ये सुटतात, तर जलद गतीच्या करंटने डायनॉर्फिन सुटते. हे संशोधन गंभीर आहे. मात्र उंदराच्या मज्जारज्जूत एखादे द्रव्य वाढणे आणि तीन वर्षे दुखणारी शिक्षिकेची कंबर सहा महिन्यांनी बरी असणे, यांच्यातले अंतर मोठे आहे, आणि ते माणसांवरील चाचण्यांनीच मोजावे लागते.

तुमच्या मुलाचे म्हणणे इथे तपासून पाहू, कारण ते अर्धे बरोबर आहे आणि उरलेले अर्धे अधिक महत्त्वाचे आहे. जर्मनीत १,१६२ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन गट होते. एका गटाला शास्त्रानुसार सुया लावल्या, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर सुया लावल्या, आणि तिसऱ्याला औषधे, फिजिओथेरपी आणि व्यायाम असा नेहमीचा उपचार दिला. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२ टक्के आणि तिसऱ्यात २७.४ टक्के रुग्णांना लक्षणीय फायदा झालेला होता. दोन वर्षांनी अमेरिकेतील ६३८ रुग्णांच्या चाचणीत एका गटाला सुई लावलीच नाही. सुई घालण्याच्या नळीतून त्यांच्या कातडीला दात कोरायची काडी टोचल्यासारखी लावली. रुग्ण पालथे असल्याने त्यांना ते दिसत नव्हते. आठ आठवड्यांनी सुयांच्या आणि काडीच्या गटांत मिळून ६० टक्के रुग्णांच्या हालचालीत ठळक सुधारणा होती, तर नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत ती ३९ टक्क्यांत होती. काडीचा गट सुयांच्या मागे नव्हता.

या दोन्ही चाचण्यांतून निघणारा अर्थ मुलाला असा सांगा, की सुया घेणाऱ्यांना बरे वाटते हे खरे आहे, आणि ते नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त वाटते हेही खरे आहे. परंतु त्या बरे वाटण्याचा मोठा वाटा नेमक्या बिंदूंचा नाही. कोणीतरी अर्धा तास शांतपणे आपल्याकडे लक्ष देणे, दुखऱ्या जागी हात लावणे, कातडीला कसलेतरी उद्दीपन मिळणे, आणि आता फरक पडेल ही अपेक्षा, या सगळ्यांनी वेदना खरोखर कमी होते. वेदना मेंदूतच जाणवते, त्यामुळे मनावरून आलेला आराम खोटा ठरत नाही. फक्त त्याची किंमत किती द्यायची आणि त्याच्यावर किती दावे उभे करायचे, एवढाच वादाचा मुद्दा उरतो. नणंदेच्या अनुभवात आणखीही एक गोष्ट असू शकते. माणूस उपचार शोधायला निघतो तो दुखणे सर्वांत वर चढलेले असताना, आणि कंबरदुखी चढउताराची असल्याने त्यानंतर ती काही प्रमाणात उतरतेच.

वरच्या चाचण्या साध्या सुयांच्या होत्या. करंटच्या सुयांची एक नेटकी चाचणी अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे झाली आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात जुनाट कंबरदुखीच्या १२१ रुग्णांना आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, अशा बारा बैठका दिल्या. काहींना खरे इलेक्ट्रोॲक्युपंक्चर आणि काहींना तसाच भासणारा खोटा उपचार. वेदनेच्या तीव्रतेत दोन्ही गटांत ठरवून सांगता येईल असा फरक निघाला नाही. पण वाकणे, चालणे, जिना चढणे, कपडे घालणे अशा रोजच्या कामांतील अडचण मोजणाऱ्या प्रश्नावलीत खऱ्या उपचाराचा गट पुढे होता. हा निष्कर्ष चाचणीच्या मुख्य प्रश्नाचा नव्हता, दुय्यम होता, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभी करता येणार नाही. तरीही मला तो तुमच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी वाटतो, कारण तुमची तक्रारही मुळात कामाची आहे: दुसऱ्या तासाला उभे राहता येत नाही. साध्या सुईपेक्षा करंटची सुई कंबरदुखीत ठामपणे सरस आहे, असे दाखवणारा भक्कम पुरावा मात्र नाही, आणि यंत्र आहे म्हणून जास्त शुल्क घेणाऱ्याला हे विचारायला हरकत नाही.

इतक्या चाचण्यांनंतरही जगातल्या वैद्यकीय संस्थांचे एकमत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरची शिफारस केली होती आणि २०१६ मध्ये ती मागे घेऊन 'देऊ नये' असे सांगितले. त्याच यादीत आपल्या फिजिओथेरपी केंद्रांतले करंटचे शेक आणि कंबरपट्टेही आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये नेमके उलट, औषधांच्या आधी करून पाहण्याच्या उपायांत ॲक्युपंक्चर ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शनात सुयांच्या उपचारांना सशर्त अनुकूलता दर्शवली, आणि कंबरपट्टा व कातडीवरून द्यायचा टेन्सचा करंट यांना प्रतिकूल मत दिले. मतभेदाचे मूळ पुराव्यात नसून प्रश्नात आहे. खोट्या सुईपेक्षा खरी सुई किती पुढे आहे, असे विचारले तर उत्तर निराशाजनक येते. सुया न घेणाऱ्यापेक्षा घेणारा किती बरा आहे आणि धोका किती, असे विचारले तर उत्तर बरे येते. रुग्ण म्हणून तुमचा प्रश्न दुसरा आहे, पैसे देणारी म्हणून पहिलाही आहे.

वीस बैठकांचा आकडा मला ओळखीचा वाटला. अमेरिकेत ज्येष्ठ नागरिकांसाठी असलेली मेडिकेअर ही सरकारी विमा योजना जानेवारी २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरचा खर्च देते. पण तिथे आधी नव्वद दिवसांत बारा बैठका मिळतात, सुधारणा दिसली तरच आणखी आठ, आणि सुधारणा नसेल तर उपचार थांबवावा लागतो. म्हणजे वीस ही तिथे वर्षाची कमाल मर्यादा आहे. तुमच्याकडे तोच आकडा पहिल्याच दिवशी पावतीवर येतो आहे. सवलत कितीही आकर्षक असो, एकरकमी पैसे भरू नका. पैसे भरलेला माणूस फरक नसतानाही फरक शोधत राहतो, आणि ज्या वेळी थांबायला हवे त्या वेळी थांबत नाही.

माझा सल्ला असा आहे, की तुम्हाला इच्छा असेल तर तीन आठवड्यांत सहा बैठका घ्या आणि प्रत्येक बैठकीचे पैसे त्या त्या दिवशी द्या. सुरू करण्यापूर्वी एक आठवडा वहीत रोज दोन नोंदी ठेवा: किती मिनिटे उभे राहून शिकवल्यावर कंबर धरली, आणि खुर्चीतून उठल्यावर किती पावलांनंतर सरळ होता आले. बैठकीनंतर त्या संध्याकाळी कसे वाटले याची नोंद करू नका, कारण अर्धा तास आडवे पडून उठल्यावर बहुतेकांना बरेच वाटते. बैठका नसलेल्या दिवशी वर्गात काय झाले, तेच पाहायचे आहे. सहाव्या बैठकीनंतर या दोन नोंदी जागच्या जागी असतील, तर सातवी बैठक घेण्याचे कारण उरत नाही. फरक दिसत असेल, तर आणखी चार ते सहा घ्या आणि थांबून पाहा.

कंबर मोकळी वाटणारा तो काळ विश्रांतीत घालवू नका. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीच्या झटक्यातून नुकत्याच सावरलेल्या ७०१ लोकांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मार्गदर्शनाखाली चालण्याचा कार्यक्रम घेणाऱ्यांत निम्म्या लोकांचे दुखणे पुन्हा उलटेपर्यंतचा काळ २०८ दिवसांचा निघाला, तर तो न घेणाऱ्यांत ११२ दिवसांचा. तिथे हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा अर्धा तास चालण्याचे उद्दिष्ट होते. तुमचे दुखणे जुने असल्याने हे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, परंतु मधुमेहासाठी तुम्हाला चालायचेच आहे, तेव्हा एका पायपिटीत दोन्ही कामे होतील. दहा मिनिटांपासून सुरुवात करा. कंबर आणि नितंबांच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या; शेक देऊन घरी पाठवणाऱ्याकडे नव्हे, व्यायाम करून घेणाऱ्याकडे जा. वर्गात फळ्यापाशी एक ठेंगणी चौकी ठेवून त्यावर आळीपाळीने एकेक पाय टेकवल्यास सलग उभे राहणे सुसह्य होते. कंबरपट्टा लांबच्या एसटी प्रवासापुरता ठेवा, रोजच्या अंगावरून काढून टाका.

तुमच्या बाबतीत सावधगिरीचे मुद्दे मधुमेहामुळे येतात. यंत्राचा करंट किती वाढवायचा, हे रुग्णाला काय जाणवते त्यावर ठरते. ज्या जागेला जाणीव कमी आहे तिथे हा अंदाज चुकतो आणि कातडी भाजू शकते. म्हणून तळपायांची जाणीव डॉक्टरांनी तपासेपर्यंत गुडघ्याखाली सुया आणि करंट दोन्ही नकोत, असे उपचारकाला स्पष्ट सांगा. साखर फार वाढलेली असेल, तर जंतुसंसर्गाच्या भीतीने सुयाच पुढे ढकला. बैठकीला उपाशीपोटी जाऊ नका. पहिल्या वेळी काहींना सुया लावल्यावर घेरी येते आणि रिकाम्या पोटी ती येण्याची शक्यता वाढते. सुयांचे सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडले गेले पाहिजे, वापरलेल्या सुया डब्यात गेल्या पाहिजेत, आणि लावलेल्या सुया काढताना मोजल्या गेल्या पाहिजेत. यंत्र सुयांसाठीच बनवलेले हवे. कातडीवर चिकटवण्याच्या टेन्सच्या यंत्राला चिमटे जोडून काम भागवणारे लोक असतात, ते टाळावे. सुई लहान असली तरी ती निरुपद्रवी नाही: बरगड्यांजवळ खोल गेल्यास फुप्फुसाला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. ती दुर्मीळ आहेत, आणि प्रशिक्षित हातांत आणखी दुर्मीळ. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि उपचारकांच्या नोंदणीसाठी परिषद आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

राहिल्या गोळ्या. मेडिकलमधून आणली जाणारी वेदनाशामक गोळी कमी होणार असेल, तर ते उत्तमच आहे. आठ वर्षांच्या मधुमेहात अशा गोळ्या मनाने घेत राहिल्यास मूत्रपिंडांवर ताण येतो. क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन एकदा तपासून घ्या आणि गोळीचे नाव तुमच्या डॉक्टरांना दाखवा. "सगळ्या गोळ्या बंद" या आश्वासनात मेटफॉर्मिन मात्र येऊ देऊ नका. त्या गोळीचा कंबरेशी संबंध नाही आणि ती बंद करण्याचा अधिकार ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांचाच आहे. तिच्या दीर्घ वापराने बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, शाकाहारी माणसात अधिक लवकर होते, आणि त्याच्या कमतरतेनेही तळपाय बधिर होतात. ही तपासणी साखरेच्या पुढच्या तपासणीबरोबर एकदाच रक्त देऊन होते. ती सुया सुरू करण्यापूर्वी झालेली बरी, नाहीतर पायांची बधिरता पुढे कमी झाली किंवा वाढली तर ती कशाने, हे तुम्हालाही सांगता येणार नाही आणि उपचारकालाही.